जाड गॅस्केट टाकूनही नॉकिंग का होते?

मोटरसायकलचे इंजिन खोलले, रिबोअर झाले (सिलिंडर कापून मोठा केला), हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, फेसिंगही झाले (तळ घासून सपाट केला), की जोडणीच्या वेळी प्रश्न येतो: सिलिंडर आणि हेड यांच्यामधले सील, म्हणजे हेड गॅस्केट, किती जाडीचे घ्यायचे? फेसिंगमध्ये धातू निघाला, म्हणजे कॉम्प्रेशन (हवा-पेट्रोलचे मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण) वाढले, नॉकिंगचा धोका आला, तेव्हा जाड गॅस्केट टाका, हे उत्तर बहुतेकांच्या तोंडी तयार असते. हिशेबाला ते बरोबर आहे. इंजिनाला ते मानवेलच असे नाही.

हिशेब असा. बोअर (सिलिंडरचा व्यास) 50 मिलिमीटर, स्ट्रोकही (पिस्टनची धाव) 50 मिलिमीटर, म्हणजे इंजिन साधारण 98 सीसीचे. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन खाली असतानाच्या आणि वर आल्यावरच्या जागेचे गुणोत्तर, 9 असेल तर पिस्टन अगदी वर आल्यावर त्याच्या माथ्यावर जेमतेम 12.3 सीसी जागा उरते. गॅस्केट अर्ध्या मिलिमीटरने जाड केले की तिच्यात जवळपास 1 सीसीची भर पडते आणि रेशो 8.4 वर येतो.

पण गॅस्केटच्या जाडीवर आणखी एक गोष्ट ठरते, आणि माझ्या मते तीच आधी पाहावी. पुष्कळ इंजिनांमध्ये हेडच्या कडेला एक सपाट पट्टी असते. पिस्टन वर येताना त्याची कड या पट्टीच्या अगदी जवळ जाते आणि मधले मिश्रण जोराने आत, प्लगकडे फेकले जाते. टाळी वाजवताना तळव्यांमधली हवा सटकते तसे. याला स्क्विश म्हणतात. या खळबळीमुळे ज्योत झपाट्याने पसरते. शिवाय कडेला उरलेला मिश्रणाचा पातळ थर दोन्हीकडच्या धातूमुळे थंड राहतो. नॉकिंग म्हणजे तरी काय? ज्योत पोहोचण्याआधीच दूरच्या मिश्रणाने दाब आणि उष्णतेमुळे आपोआप पेट घेणे. स्क्विश नेमका तोच धोका कमी करतो. ब्रिटिश अभियंते हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आणि त्यानंतर या खळबळीवर आणि नॉकिंगवर मूलभूत काम केले.

आता जाड गॅस्केट टाकले तर? रेशो उतरतो, पण पिस्टन आणि त्या पट्टीमधली फटही रुंदावते. दीड मिलिमीटरच्या पुढे गेली की स्क्विशचा जोर बराच ओसरतो, कडेचे मिश्रण गरम राहते, आणि ज्या नॉकिंगसाठी हा खटाटोप केला ते तसेच राहू शकते. फट फार कमी ठेवणेही घातक, कारण वेगात कनेक्टिंग रॉड किंचित ताणला जातो, पिस्टन डुलतो आणि हेडला आपटू शकतो. लहान इंजिनांत 0.8 ते 1 मिलिमीटर फट सहसा सोयीची पडते. मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर अर्थात तोच धरायचा. सपाट पट्टी नसलेल्या जुन्या अर्धगोल हेडना हे गणित लागू नाही.

फट मोजायला सोल्डरची तार पुरते. अपेक्षित फटीपेक्षा जाड तारेचे दोन तुकडे पिस्टनच्या कडेला, पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या दांडीच्या) रेषेत, ग्रीसने चिकटवायचे. त्या रेषेत पिस्टन डुलत नाही, म्हणून माप खरे येते. जुने, दबलेले गॅस्केट ठेवून हेड टॉर्क रेंचने कसायचे, क्रँक हाताने फिरवायचा आणि चपटी झालेली तार मोजायची. जुने गॅस्केट 1 मिलिमीटरचे आणि तार 1.4 भरली, तर 1 मिलिमीटर फटीसाठी नवे 0.6 चे हवे. हा आकडा दबल्यानंतरच्या जाडीचा. तांबे फारसे दबत नाही. कंपोझिट गॅस्केट मात्र बरेच बसते.

एवढे करूनही रेशो जास्तच निघाला तर कॉम्प्रेशन पिस्टनचा माथा किंवा हेडची पोकळी बदलून उतरवावे. फटीला हात लावू नये.

गॅस्केट पातळ केले तर व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात, म्हणून ते अंतर पिस्टनवर मऊ माती थापून तपासणे भाग आहे. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम हेडमध्ये असलेल्या इंजिनात तो क्रँककडे सरकतो, टायमिंग चेनची ताणलेली बाजू सैल होते आणि व्हॉल्व्ह किंचित उशिरा उघडू लागतात. जाड गॅस्केटने याच्या उलट घडते. फरक थोडा असेल तर जाणवतही नाही, पण फेसिंग खोलवर झाले असेल तर टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळवून पाहाव्या लागतात.