परिपाठ (शालेय)

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांमध्ये पहिल्या तासिकेआधी सर्व वर्गांनी एकत्र येऊन पार पाडायचा रोजचा कार्यक्रम. मराठीत ‘परिपाठ’ म्हणजे मुळात नेम, वहिवाट. ‘पहाटे उठण्याचा त्यांचा परिपाठ होता’ या वाक्यातला शब्द तो हाच. शाळेत मात्र त्याला ठरावीक अर्थ आला. वीस-पंचवीस मिनिटे, कधी अर्धा तास, आणि जागा म्हणजे पटांगण. पावसाळ्यात व्हरांडा किंवा एखाद्या वर्गात दाटीवाटी. दिवसभर वर्गांच्या भिंतींआड विभागलेली शाळा शिक्षकांसह एका ठिकाणी उभी राहते ती यावेळीच.

घंटा झाली की मुले वर्गवार, उंचीप्रमाणे रांगा धरतात आणि हात पुढे करून अंतर घेतात. पहिलीची रांग कितीही सरळ केली तरी दोन मिनिटांत वाकडी होते. सावधान-विश्राम झाल्यावर राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका आणि प्रार्थना होते. मग सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, सामान्यज्ञानाचे प्रश्न, समूहगीत असे पदर येतात आणि शेवटी बहुतेक ठिकाणी पसायदान व मौन. हा क्रम शाळेगणिक बदलतो. साथीला पेटी असेल तर उत्तम, नाही तर ढोलकी किंवा खंजिरीवर भागते. राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाले आणि तेही शाळेच्या दिवसाच्या सुरुवातीला म्हटले जाऊ लागले. उद्देशिकेचे सामूहिक वाचन राज्य सरकारने २६ जानेवारी २०२० पासून शाळांना बंधनकारक केले. चौथीतल्या मुलाला ‘सार्वभौम’चा अर्थ सांगता येईलच असे नाही, पण त्या लांबलचक वाक्यात श्वास कुठे घ्यायचा हे त्याला बरोबर ठाऊक असते.

प्रतिज्ञेची गोष्ट जरा निराळी आहे. रोज एवढी मुले म्हणतात, तरी ती कोणी लिहिली हे फारच थोड्यांना माहीत असते. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ मध्ये तेलुगूत लिहिली. ते विशाखापट्टणमला कोषागार अधिकारी होते. २६ जानेवारी १९६५ पासून ती देशभरातल्या शाळांत म्हटली जाऊ लागली आणि पुढे पाठ्यपुस्तकांच्या सुरुवातीच्या पानावर छापली गेली. पसायदान त्याहून कितीतरी जुने. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस आलेले हे मागणे वारकऱ्यांच्या कीर्तनातून गावाला आधीपासून पाठ होते, त्यामुळे शाळेला ते वेगळे शिकवावे लागले नाही.

परिपाठात खरे पाहण्यासारखे असते ते मधल्या भागात, कारण तो मुले चालवतात. आठवड्याची पाळी एका वर्गाकडे किंवा गटाकडे असते. कोणी सुविचार सांगायचा, कोणी बातम्या वाचायच्या, हे आदल्या दिवशी ठरते. बातम्यांची मुलगी घरून किंवा शाळेत येणाऱ्या वर्तमानपत्रातून चार ओळी वहीत उतरवून आणते. ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाशी ती अडखळते, बाईंकडे बघते. बाई ओठ हलवून अर्धा शब्द पुरवतात, उरलेला ती स्वतः ओढून नेते. वहीचा कोपरा घामाने मऊ पडलेला असतो. पुढच्या महिन्यात तीच मुलगी वही खाली धरून बोलते. घरी मराठीपेक्षा वेगळी बोली बोलणाऱ्या मुलाला तर प्रमाण मराठीत सगळ्यांसमोर बोलण्याची ही बहुधा पहिलीच वेळ असते, आणि हसणाऱ्यांना शिक्षक कसे आवरतात यावर पुढचे बरेच ठरते.

लहान शाळांत याला आणखी महत्त्व आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत पटावर ६० पर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक. त्यातला एक बैठकीला किंवा प्रशिक्षणाला गेला की चार-पाच वर्ग एकट्यावर येतात. अशा सकाळी चौथी-पाचवीची मुले आज्ञा देतात, हजेरी मोजतात, पहिलीच्या पोरांची रांग धरतात आणि परिपाठ कोणी न सांगता पुरा होतो. शाळा कशी चालली आहे हे पाहायला आलेल्याने वह्या तपासण्याआधी असा एक परिपाठ पाहावा.

यशाची नोंदही इथेच होते. शिष्यवृत्ती परीक्षेत कोणी गुणवत्ता यादीत आले, नवोदयला निवड झाली, केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, क्रीडास्पर्धेतून संघ तालुक्याला गेला, तर नाव पुकारले जाते आणि ‘एक-दोन, एक-दोन-तीन’ अशी ठेक्यातली टाळी पडते. वार्षिक स्नेहसंमेलनातल्या बक्षिसाला मंडप, पाहुणे आणि पालक लागतात; या टाळीला काहीच लागत नाही, म्हणून ती लहान गोष्टींनाही मिळते. कोणाचे पाढे वीसपर्यंत पाठ झाले, कोणी महिनाभर एकही दिवस चुकवला नाही, कोणाला पहिल्यांदाच पूर्ण परिच्छेद वाचता आला. वाढदिवस असलेले मूल पुढे येऊन शुभेच्छा घेते. काही शाळांत ते वाचनालयाला एक पुस्तक देते.

दिनविशेषामुळे वर्षाला ठिकाणे मिळतात. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २६ नोव्हेंबरला संविधान दिन. अडचणही इथूनच सुरू होते. प्रत्येक मोहिमेची शपथ आणि प्रत्येक सप्ताहाचे भाषण परिपाठातच बसवायचे असते. नव्या पत्रकाने एक बाब वाढते, जुनी क्वचितच कमी होते, आणि कात्री लागते ती मुलांच्या बातम्यांना व गोष्टीला. मोठ्यांची भाषणे लांबली की मार्चच्या उन्हात उपाशीपोटी आलेले एखादे पोर चक्कर येऊन खाली बसते. माईक दर वेळी त्याच दोन-तीन चुणचुणीत मुलांकडे जाणे हा दुसरा दोष. पाळीचा तक्ता भिंतीवर लावला तर तो बराच आटोक्यात येतो. उशिरा आलेल्यांना सगळ्यांदेखत वेगळे उभे करण्याची रीत अजून कुठे कुठे दिसते. ती बंद झालेली बरी, कारण उशिराचे कारण पुष्कळदा धाकट्या भावंडाला सांभाळण्यात असते.

सामूहिक म्हणण्याला कायद्याची एक बाजू आहे. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहणारी, पण धार्मिक श्रद्धेमुळे ते न गाणारी तीन मुले केरळातल्या शाळेतून काढली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. राज्याच्या पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे संविधानाचे अठ्ठाविसावे कलम सांगते. त्यामुळे प्रार्थना निवडताना सगळ्या घरांतल्या मुलांना म्हणता येईल अशीच निवडण्याकडे जाणत्या मुख्याध्यापकांचा कल असतो.

मौन संपले की रांगा सुटतात त्या धाकट्यांपासून: आधी पहिली, मग दुसरी, शेवटी सर्वांत मोठा वर्ग. पेटी उचलून आत नेण्याचे काम त्या आठवड्याच्या पाळीवाल्यांचे.