बल्बमधलं रक्त जिवंतच असतं

रक्त काढून झालं, हातावर कापूस दाबला, की आपल्यापुरती तपासणी संपते. रक्तातल्या पेशींचं काम मात्र बल्बमध्येही, म्हणजे रक्त भरतात त्या छोट्या नळीतही, चालूच असतं. त्या साखर खातात, क्षार आत-बाहेर करतात, काही एकमेकींना चिकटतात, काही फुटतात. दोन-चार तासांनी ते रक्त यंत्रापुढे येतं तेव्हा यंत्र समोर आलेलं इमानाने मोजतं. मधल्या वेळात काय बदललं, हे त्याला कळायला मार्ग नसतो.

लॅबच्या चुकांविषयी बोलताना आपण सहसा यंत्रावर किंवा लॅबच्या नावावर संशय घेतो. इटलीतल्या पादुआ शहरातल्या, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४०,४९० तपासण्यांमधल्या १८९ चुका एकेक करून पाहिल्या गेल्या. त्यातल्या सुमारे ६८ टक्के चुका सॅम्पल यंत्रात जाण्याआधीच झालेल्या होत्या, प्रत्यक्ष मोजणीतल्या फक्त १३ टक्के. दहा वर्षांनी तिथेच पुन्हा पाहिलं तेव्हाही आधीच्या टप्प्यातल्या चुका ६२ टक्क्यांच्या आसपास होत्या.

साखरेपासून सुरुवात करू. लाल पेशीत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा बनवणारे पेशीतले छोटे कारखाने, नसतात, त्यामुळे तिची सगळी ऊर्जा ग्लुकोजमधूनच येते. रक्त साध्या बल्बमध्ये तसंच ठेवलं, तर त्यातली साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या असतील तर आणखी वेगाने, आणि उन्हाळ्यातही वेगाने. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा दुचाकीच्या डिकीतल्या सॅम्पलचं काय होत असेल ते सांगायला नको. म्हणून साखरेसाठी राखाडी टोपणाचा फ्लोराइड बल्ब वापरतात. पण फ्लोराइड टाकलं की साखर तिथेच थांबते, हा समज पूर्ण खरा नाही. ग्लुकोज मोडण्याच्या साखळीत बऱ्याच पुढे असलेल्या एका विकराला (एन्झाइमला) फ्लोराइड अडवतं. त्याच्या आधीच्या पायऱ्या काही काळ चालू राहतात, म्हणून पहिले एक-दोन तास साखर जवळपास तशीच घसरत राहते.

याचा फटका सीमारेषेवरच्या माणसाला बसतो. गरोदरपणातल्या मधुमेहासाठी आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहतात आणि १४० ही मर्यादा मानतात. एखाद्या बाईची साखर खरोखर १४५ असेल आणि बल्ब तासभर तसाच पडून राहिला, तर रिपोर्टवर १३६ येऊ शकतं. रिपोर्ट नॉर्मल म्हणून ती निर्धास्त घरी जाते आणि पुढचे महिने पोटातलं बाळ जास्त साखरेत वाढतं. चुकून जास्त आलेला आकडा निदान पुन्हा तपासला तरी जातो. चुकून नॉर्मल आलेल्याकडे कोणी वळूनही पाहत नाही, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

पोटॅशियमची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. रक्तद्रवात ते लिटरला साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असतं आणि लाल पेशीच्या आत शंभराच्या वर. एवढा फरक टिकवायला पेशीच्या भिंतीतले पंप अखंड चालू असावे लागतात. पेशी फुटली की आतलं पोटॅशियम द्रवात सांडतं. बारीक सुईतून सिरिंज जोरात ओढली, भरलेल्या सिरिंजची सुई न काढता रक्त बल्बमध्ये जोराने ढकललं, बल्ब खळखळून हलवला किंवा स्पिरिट वाळायच्या आत सुई टोचली, की पेशी फुटतात. सुदैवाने हे दिसतं, कारण हिमोग्लोबिनही बाहेर येतं आणि पिवळसर सिरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) गुलाबी-लाल होतं. आजची बरीच यंत्रं तो रंग मोजतात, आणि चांगली लॅब ‘सॅम्पल हिमोलाइज्ड’ असं लिहून नवं रक्त मागते. त्यावर आपण चिडतो, ‘पुन्हा टोचणार का?’ म्हणतो. खरं तर त्या लॅबने आपल्यावर उपकारच केलेले असतात.

न दिसणारी चूक थंडीतून येते. पेशी वेगळ्या न करता रक्त फ्रिजमध्ये ठेवलं तर पंप मंदावतात आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं. पेशी फुटलेली नसते, सिरम स्वच्छ पिवळं दिसतं, यंत्रही इशारा देत नाही. किडनी बिघडली की पोटॅशियम वाढतं, त्यामुळे रात्रभर असं ठेवलेलं सॅम्पल धडधाकट माणसालाही किडनीचा रुग्ण ठरवू शकतं. साखर टिकावी म्हणून गारवा हवा आणि पोटॅशियमसाठी तोच गारवा नको! उन्हाळ्यात आणखी उलटापालट होते: उबेत पंप जोमाने चालतात आणि सुरुवातीला पोटॅशियम आत ओढतात, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. पुढे साखर संपली की पंप थांबतात आणि तो वर जाऊ लागतो. ‘बर्फात ठेवलं होतं’ या एका वाक्याने सॅम्पल नीट होतं याची खात्री होत नाही, ती यामुळेच.

शीर दिसावी म्हणून पट्टा बांधून ‘मूठ उघडझाक करा’ असं सांगण्याची सवयही सोडायला हवी. हाताच्या स्नायूंनी काम केलं की त्यांच्यातून पोटॅशियम बाहेर पडतं, आणि एवढ्यानेही आकडा एखाद्या मिलिमोलने, कधी त्याहून जास्त चढतो. पट्टा मिनिटाच्या वर राहिला तर शिरेतलं पाणी बाहेर झिरपून प्रथिनं आणि कॅल्शियमही वाढलेलं दिसतं.

जांभळ्या टोपणाच्या बल्बमध्ये ईडीटीए असतं, तेही पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. ते कॅल्शियमला पकडून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. सिरमसाठीच्या पिवळ्या टोपणाच्या बल्बमध्ये रक्त कमी पडलं म्हणून कोणी जांभळ्यातलं थोडं त्यात ओतलं, की पोटॅशियम भलतंच वाढतं आणि कॅल्शियम कोसळतं. बरंच मिसळलं असेल तर आकडे इतके अशक्य येतात की चूक लगेच पकडली जाते. थेंबभर मिसळलं तर पोटॅशियम थोडंसंच वर जातं आणि ते खरंच वाटतं. बल्ब भरायचा क्रम ठरलेला आहे, आधी पिवळा आणि मग जांभळा, तो याच कारणाने.

सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेणं तर कटाक्षाने टाळावं. पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे साखरेच्या सलाईनमध्ये, १०० मिलिलिटरला ५,००० मिलिग्रॅम साखर असते. सॅम्पलमध्ये त्याचा दहावा हिस्सा आला तरी साखर साडेचारशे-पाचशेने वाढलेली दिसेल.

पावसाळ्यानंतर डेंग्यू येतो आणि घराघरांत प्लेटलेट्सचे आकडे बोलले जातात. हजारात एखाद्या माणसाच्या प्लेटलेट्स ईडीटीएमध्ये गेल्या की एकमेकींना चिकटतात. यंत्र गुठळीला एकेक प्लेटलेट म्हणून मोजत नाही, आणि दोन लाखांऐवजी चाळीस हजार छापून येतात. बल्ब भरल्यावर लगेच आठ-दहा वेळा हलकेच पालथा-सुलटा केला नाही, तर बारीक गाठी होऊनही तसंच घडतं. काचपट्टीवर रक्ताचा थर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की गुठळ्या दिसतात. मग निळ्या टोपणाच्या सायट्रेट बल्बमध्ये पुन्हा रक्त घेतात आणि सायट्रेटच्या द्रवाने रक्त थोडं पातळ होतं म्हणून आलेला आकडा १.१ने गुणतात. डेंग्यूत प्लेटलेट्स खरोखरही उतरतात, त्यामुळे कमी आकडा खोटाच असेल असं धरून चालू नये. पण अंगावर डाग नाहीत, रक्तस्राव नाही, कालचा आकडा उत्तम होता आणि आज अचानक घसरला, तर प्लेटलेट्सच्या पिशव्यांसाठी धावण्याआधी काचपट्टी पाहून घ्या, असं डॉक्टरांना विचारायला काहीच हरकत नाही.

पोटॅशियमबाबत सावधगिरी दोन्ही बाजूंनी हवी. ६.५ आकडा खरा असेल तर हृदय थांबू शकतं, म्हणून ‘सॅम्पल बिघडलं असेल’ म्हणून घरी बसणं धोक्याचं आहे. लगेच ईसीजी आणि लगेच नवं रक्त, हीच रीत. आकडा खोटा असेल तर धोका वेगळा: रक्तदाबाची किंवा हृदयाची चांगली चाललेली गोळी बंद होते, किंवा पोटॅशियम उतरवायला नको असलेलं इन्सुलिन दिलं जातं. आणि जुलाबांनी पोटॅशियम खरंच घटलेल्या रुग्णाच्या पेशी बल्बमध्ये फुटल्या, तर रिपोर्ट चक्क नॉर्मल येतो.

यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय साधा आहे. पिवळ्या टोपणाच्या बल्बच्या तळाशी जेल असतं. रक्त अर्धा तास गोठू दिलं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे बल्ब गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, दहाएक मिनिटं फिरवलं, की जेल पेशी आणि सिरम यांच्यामध्ये भिंतीसारखं बसतं. पेशी खाली अडकतात. त्यानंतर त्या ना साखर खाऊ शकत, ना सिरममध्ये पोटॅशियम सोडू शकत. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर हे रक्त घेतल्यापासून तास-दोन तासांत झालं, तर पुढे बल्ब मुंबई-पुण्याला रात्रीच्या गाडीने गेला तरी चालतो. पण तपासणीची यादी, दर आणि सवलत विचारणारे आपण ‘तुमच्याकडे सेंट्रिफ्यूज आहे का, रक्त किती वेळात फिरवता?’ हे विचारतच नाही. रिपोर्टवर सॅम्पल घेतल्याची आणि ते लॅबमध्ये पोहोचल्याची, अशा दोन्ही वेळा बरेचदा छापलेल्या असतात. पुढचा रिपोर्ट हातात आला की आकड्यांच्या आधी या दोन वेळांमधलं अंतर पाहा. ते पाच-सहा तासांचं असेल, तर मधल्या वेळात सॅम्पल कुठे आणि कसं ठेवलं होतं, हे लॅबला फोन करून विचारा.