बसरा ते कल्चर: सोलापुरातल्या मोत्यांची पार्श्वभूमी

लग्नसराई आली की सोलापुरात मोत्यांवरून ठरलेला वाद निघतो. आजीच्या नथीतले मोती ‘बसरा’ म्हणून अनमोल, आणि हैदराबादहून आणलेला सर ‘कल्चर’ (माणसाने शिंपल्यात वाढवलेल्या मोत्यांचा) म्हणून जवळजवळ खोटा, असं घरातली मोठी माणसं धरून चालतात. दुसरी समजूत चुकीची आहे. पहिलीही पारखून घ्यावी अशीच.

मुंबई-हैदराबाद लोहमार्गावरच्या या गावात मोत्यांच्या दोन परंपरा भेटतात. जुनी मुंबईकडची. बसरा मोती बसऱ्यात निघत नसत. बहारीन, कतार, कुवेतच्या समुद्रातून पाणबुडे शिंपले काढत आणि मालाला नाव मात्र इराकी बंदराचं चिकटलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आखाती मोत्यांचा मोठा हिस्सा मुंबईत येई. तिथे प्रतवारी होई, भोकं पाडली जात आणि निवडक माल पॅरिस-लंडनला जाई. नथ, तन्मणी, चिंचपेटी, कुड्या हे आपले दागिने याच नैसर्गिक मोत्यांवर वाढले. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी तर मोत्यांचा गालिचाच करवून घेतला होता. २००९ मध्ये दोह्याच्या लिलावात तो सुमारे ५५ लाख डॉलरला गेला.

हे मोती महाग होते ते मिळत नसत म्हणून. ढीगभर शिंपले उघडावेत तेव्हा एखादा कामाचा मोती हाती लागे, आणि एका मापाचे, एका पाण्याचे मोती जुळवून माळ ओवायला वर्षं जात. १९१७ मध्ये कार्तिए या जवाहिऱ्यांच्या पेढीने न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरची हवेली घेतली, ती १० लाख डॉलर किमतीचा दोन पदरी मोतीहार आणि वर १०० डॉलर देऊन. तोच हार १९५७ मध्ये विकला गेला तेव्हा जेमतेम दीड लाख डॉलर आले.

मधल्या चाळीस वर्षांत जपानने बाजार फिरवला होता. कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात अर्धगोल मोती वाढवून दाखवला. पूर्ण गोल मोत्याच्या कृतीचं श्रेय मात्र बरंचसं निशिकावा आणि मिसे या दुसऱ्या दोघा जपान्यांचं. मिकिमोतोंचं कसब माल जगभर खपवण्यात जास्त होतं, असं मला वाटतं. कृती अशी: कवचापासून घडवलेला गोल मणी आणि दुसऱ्या शिंपल्याच्या ऊतीचा लहानसा तुकडा जिवंत शिंपल्यात बसवायचा. त्या तुकड्याची पिशवी होते आणि ती मण्यावर थरांमागून थर चढवते. थर तेच, चमक तीच. फक्त सुरुवात माणसाने करून दिलेली. १९२० च्या दशकात हे मोती युरोपात पोचले तेव्हा व्यापाऱ्यांनी ‘नकली’ म्हणून गदारोळ केला, पण १९२४ मध्ये पॅरिसच्या न्यायालयात निकाल मिकिमोतोंच्या बाजूने लागला. पुढे जागतिक मंदी आणि या स्वस्त मोत्यांनी मिळून आखातातला पाणबुड्यांचा धंदा बुडवला.

दुसरी परंपरा हैदराबादची. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक कुटुंबांची नाती तेलंगणात असल्याने लग्नाची खरेदी तिकडे होणं स्वाभाविक. हैदराबादला समुद्र नाही. निजामाच्या आश्रयाने तिथे मोती विंधण्याची आणि ओवण्याची कारागिरी रुजली. आज तिथल्या दुकानांतला बहुतेक माल चीनमधल्या गोड्या पाण्याच्या शिंपल्यांचा. त्यांत सहसा मणी घालत नाहीत, नुसती ऊतीची कापणं ठेवतात, म्हणून मोती जवळजवळ आरपार थरांचाच बनतो. गंमत म्हणजे आत मणी असलेल्या जपानी मोत्यापेक्षा यात मोत्याचा अंश जास्त, आणि भाव कमी. कारण एकाच शिंपल्यातून डझनावारी मोती निघतात.

दातावर घासून पाहण्याची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. मोती किंचित खरखरीत लागला तर तो काचेचा किंवा प्लास्टिकचा नाही, एवढंच तिच्यावरून म्हणता येतं. नैसर्गिक आणि कल्चर दोन्ही सारखेच खरखरीत लागतात. त्यांच्यातला फरक खात्रीने सांगायचा तर क्ष-किरणांनी आतली रचना पाहावी लागते. भोकाशी भिंगातून मणी आणि थर यांची रेघ कधी कधी दिसते, पण मणी नसलेल्या चिनी मोत्यात तीही नसते. हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा असतो, नथीतल्या मोत्यांबद्दल तो काहीच सांगत नाही. त्यामुळे ‘बसरा’ म्हणून चढा भाव सांगितला जात असेल, तर रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा दाखला मागावा. घरातल्या नथीतल्या बारीक मोत्यांसाठी मात्र तपासणीचा खर्च परवडेलच असं नाही.