आढं कललं की पाणी वाकडं: गोल्फ क्लब अंगाला कसा बसवतात

‘उंची सांगा, सेट देतो’ हे वाक्य गोल्फचं सामान विकणाऱ्याकडून हमखास ऐकू येतं. नुसत्या उंचीवर क्लब, म्हणजे गोल्फची काठी, ठरवणं म्हणजे तांडेलाची उंची मोजून वल्हं कापणं. वल्ह्याची लांबी होडीची रुंदी आणि काठाची पाण्यापासूनची उंची पाहून ठरते. क्लबचंही तसंच आहे. सहा फुटी माणसाचे हात लांब असले, तर त्याची मनगटं साडेपाच फुटी माणसाइतकीच खाली येऊ शकतात. म्हणून सरळ उभं राहून मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजतात. तेही फक्त सुरुवातीपुरतं.

खरी मेख आहे ‘लाय’मध्ये, म्हणजे दांडा आणि जमीन यांच्यातल्या कोनात. 7 नंबरच्या आयर्नचा, म्हणजे मधल्या पल्ल्याच्या लोखंडी क्लबचा, हा कोन साधारण 62-63 अंश असतो. तो तुमच्या उभं राहण्याला जुळला नाही, तर क्लबचं बाहेरचं टोक, म्हणजे टो, वर उठतो किंवा जमिनीत रुततो. उजव्या हाताच्या खेळाडूचा टो वर उठला की चेंडू डावीकडे जातो, खाली गेला की उजवीकडे. पण टो नुसता वर उठलाय, फेस, म्हणजे चेंडूला लागणारा सपाट भाग, तर सरळ समोरच धरलाय. मग चेंडू बाजूला का जावा?

उत्तर आपल्या छपरात आहे. कौलं काढून तिथे सपाट पत्रा टाकलाय असं समजा. आढं समतल असेल तर पावसाचं पाणी सरळ अंगणात उतरतं. आढ्याचं एक टोक जरा उचला. पाणी तिरपं होऊन खालच्या टोकाकडे धावतं. क्लबचा फेस म्हणजे हेच छप्पर, आणि पाणी जिकडे उतरतं तिकडेच फेसचं तोंड असतं. टो वर गेला म्हणजे आढ्याचं एक टोक वर गेलं.

आता गंमत बघा. छप्पर उभट असेल तर आढं दोन अंश कललेलं पाण्याला फारसं जाणवत नाही. पसरट असेल तर पाणी पार कोपऱ्यात जातं. फेस उभ्यापासून जितका मागे कललेला, त्या तिरकेपणाला लॉफ्ट म्हणतात. दिशेची चूक काढायची तर लायची चूक गुणिले लॉफ्टचा टॅन्जन्ट. लाय 2 अंश चुकली असं धरू. ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारणाऱ्या क्लबचा, लॉफ्ट 10.5 अंश, टॅन्जन्ट 0.185, चूक जेमतेम 0.4 अंश, 220 मीटरवर दीड मीटर. 7 नंबरचा लॉफ्ट 32 अंश धरला तर चूक सव्वा अंश, 140 मीटरवर 3 मीटर. आणि 56 अंशांची वेज, म्हणजे जवळच्या उंच फटक्यांचा क्लब? टॅन्जन्ट 1.48, चूक जवळजवळ 3 अंश, अवघ्या 80 मीटरवर 4 मीटर! लोक हजारो रुपये ड्रायव्हरवर घालतात आणि वेज कुणाचीही जुनी चालवतात. हिशोब नेमका उलटा आहे.

ही लाय उभ्या-उभ्या मोजून भागत नाही. हेडचं, म्हणजे क्लबच्या डोक्याचं, वजन दांड्याच्या रेषेत नसतं, टोच्या बाजूला सरकलेलं असतं. क्लब वेगात फिरला की अपकेंद्री ओढ ते वजन रेषेत आणू पाहते, दांडा वाकतो आणि टो खाली झुकतो. म्हणून नुसतं उभं राहिल्यावर टो किंचित वर दिसणं बरोबरच असतं. चाचणी फटका मारूनच करायची. पांढऱ्या फळ्यावर लिहायचा मार्कर घ्या, चेंडूवर जाड रेघ ओढा, ती रेघ उभी आणि फेसकडे तोंड करून ठेवा नि मारा. रेघेचा ठसा फेसवर उमटतो. फेसवरच्या खाचा आडव्या धरून पाहा: ठसा सरळ उभा असेल तर लाय जुळली, वरचं टोक टोच्या बाजूला झुकलं तर लाय जास्त उभट, हीलकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला, झुकलं तर जास्त पसरट. पाच-सहा फटक्यांशिवाय निकाल धरू नका. आणि सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळावर, हे करू नका. जांभा क्लबलाच पिरगाळतो आणि सोलवर, म्हणजे क्लबच्या तळावर, ओरखडे काढतो. हिरवळ किंवा चटई हवी.

फोर्ज केलेल्या मऊ पोलादाची लाय यंत्रावर एक-दोन अंश सहज वाकते. ओतीव स्टेनलेसची मान मात्र आडमुठी, जोर केला तर तुटते. लोहाराच्या भट्टीत तापवायचा विचारही नको, दांडा धरून ठेवणारं इपॉक्सी सुटतं.

लांबी बदलली की बाकी सगळं हलतं. दांडा अर्धा इंच वाढवला की लाय सुमारे 1 अंश उभट झाल्यासारखी वागते, आणि स्विंगवेट तीनेक अंकांनी वाढतं. स्विंगवेट म्हणजे मुठीच्या टोकापासून 14 इंचांवर टेकू दिल्यावर हेड किती जड वाटतं ते. हेडला 2 ग्रॅम लावले की एक अंक.

‘यंदाचं मॉडेल दहा यार्ड जास्त’ ही जाहिरात दरवर्षी येते. ती दरवर्षी खरी ठरती, तर रत्नागिरीत मारलेला चेंडू एव्हाना विजयदुर्गात पडता. पुष्कळदा होतं एवढंच, की 7 नंबरचा लॉफ्ट 36 अंशांवरून 30 वर आणतात आणि आकडा 7 च ठेवतात. चुंबकाच्या कड्यानं फटका लांबतो म्हणणाऱ्यांना तर टॅन्जन्टही समजावू नये.

आपल्याकडे हवेचाही हिशोब धरावा लागतो. घामट दिवसांत गुळगुळीत रबरी ग्रिप निसटते, मग हात आवळले जातात आणि सगळं माप फुकट. दोरा विणलेली ग्रिप घ्या. डाव्या हाताची बोटं तळव्याला जेमतेम टेकतील इतकी जाडी ठीक. खाली टेपचा एक थर जास्त दिला की व्यास इंचाच्या चौसष्टाव्या भागाएवढा वाढतो. ग्रिपच्या टोकाच्या भोकातून खारी हवा पोलादी दांड्यात शिरते, तेव्हा पावसाळ्यानंतर क्लब कानाजवळ हलवून पाहा; आत गंज खुळखुळतो का ते कळतं. वेजच्या सोलचा बाउन्स, म्हणजे सोल पुढच्या कडेपासून किती अंश खाली उतरतो तो कोन, हाही जमीन पाहून: जांभ्यावरच्या पातळ, कडक मातीत 14 अंशांचा सोल आदळून उडतो, तिथे 6 ते 8 बरा, जुलैच्या चिखलात तोच 6 अंशांचा सोल नांगरासारखा रुततो.