हॉटेलचं कार्डवालं कुलूप

हॉटेलच्या खोलीचं कार्डाने उघडणारं कुलूप. जनक म्हणून नॉर्वेच्या तोर सोर्नेसचं नाव घेतात, काळ साधारण 1975 च्या आसपासचा धरतात. ते कार्ड चुंबकीय नव्हतं, प्लास्टिकवर भोकं पाडलेली असायची, 32 जागा, प्रत्येक जागी भोक आहे किंवा नाही, म्हणजे 429 कोटींच्या वर जुळण्या, आणि पाहुणा बदलला की कुलूप तेच ठेवून जुळणी बदलायची.

या शोधामागे 1974 साली न्यूयॉर्कजवळच्या एका मोटेलात प्रसिद्ध गायिकेवर झालेला हल्ला होता असं बरेच जण लिहितात. पण पुढे तिने केलेल्या खटल्यात मुद्दा होता सरकत्या काचेच्या दाराचा, जे बंद दिसायचं पण बाहेरून सहज उघडायचं, तिथे कार्ड असून काय फायदा झाला असता? त्यापेक्षा पाहुण्यांनी नेलेल्या, हरवलेल्या, नक्कल केलेल्या किल्ल्यांचा त्रास हे कारण जास्त पटतं.

आताची कुलपं बॅटरीवर चालतात आणि बऱ्याच ठिकाणी रिसेप्शनशी जोडलेली नसतात, त्यामुळे नवं कार्ड दाराला लागेपर्यंत जुनं कार्ड बाद झालंय हे कुलपाला कळतच नाही (मुदत संपली तर वेगळी गोष्ट). म्हणून कार्ड हरवलं तर नवं घेऊन लगेच दाराला लावून बघायचं, खिशात ठेवून जेवायला जायचं नाही. खोलीचा नंबर बहुतेक वेळा कार्डावर नसतो, सोबतच्या कागदी पाकिटावर असतो, ते पाकीट खोलीतच ठेवावं.

2012 मध्ये ओनिटी कंपनीच्या कार्डवाल्या कुलपांच्या खालच्या बाजूचं छोटं भोक सापडलं, तिथे स्वस्तातलं उपकरण लावलं की दार उघडायचं. मार्च 2024 मध्ये साफलॉक या दुसऱ्या ब्रँडच्या कुलपांबद्दल जे बाहेर आलं ते त्याहून गंभीर, कारण ती कुलपं असलेल्या हॉटेलचं कुठलंही एक कार्ड, अगदी मुदत संपलेलंसुद्धा, हाती असलं की त्यावरून दोन बनावट कार्डं करून तिथली कुठलीही खोली उघडता यायची, अशी 30 लाखांवर कुलपं 131 देशांत होती, आणि आतून लावलेला डेडबोल्टही (कुलपातलाच जादा अडसर) त्याने सरकायचा. दाराची साखळी मात्र सरकत नव्हती, ती इलेक्ट्रॉनिक नाहीच ना. रात्री ती लावाच, आणि दार वाजवणारा हॉटेलचा माणूस आहे म्हणाला तर उघडायच्या आधी खोलीतल्या फोनवरून रिसेप्शनला विचारा.