योसेमिटीच्या नदीकाठावरचे तंबू

कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकायला गेलेल्या माणसाला आज क्रमांक घातलेली जागा मिळते. गाडीपुरता रस्त्याचा छोटा फाटा, जड मेज, शेकोटीचे लोखंडी कडे आणि अस्वलांना उघडता येणार नाही अशी अन्नाची पेटी एवढे त्या जागेवर असते. जंगलात येऊनही इतकी आखणी का, असे प्रथम येणाऱ्याला वाटते. त्याचे उत्तर इथल्या दरीतून वाहणाऱ्या मर्सेड नदीच्या काठावर गेल्या पावणेदोनशे वर्षांत जे घडले त्यात आहे.

या काठावर पूर्वी अहवाहनीची या मूलनिवासी लोकांची वस्ती होती. १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन ही स्वयंसेवक सैनिकांची तुकडी दरीत शिरली, तिने त्यांची घरे व अन्नसाठे जाळले आणि लोकांना हुसकावले. पर्यटकांची पहिली तुकडी त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८५५ मध्ये आली. दरीच्या सौंदर्याचे वर्णन करताना हा क्रम गाळणे मला अप्रामाणिक वाटते. ३० जून १८६४ रोजी अध्यक्ष लिंकन यांच्या सहीने दरी सार्वजनिक उपयोगासाठी कॅलिफोर्निया राज्याकडे सोपवण्यात आली, १८९० मध्ये भोवतालचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला आणि १९०६ मध्ये दरीही त्यात समाविष्ट झाली.

डेव्हिड आणि जेनी करी या शिक्षक दांपत्याने १८९९ मध्ये सात तंबूंनिशी कमी खर्चाची छावणी सुरू केली, तेव्हा महागड्या हॉटेलांत उतरणे न परवडणाऱ्यांनाही दरी पाहता येऊ लागली. मे १९०३ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी निसर्गसंरक्षक जॉन म्यूर यांच्यासह तीन रात्री उघड्यावर काढल्या. खरा बदल मात्र १९१३ मध्ये मोटारींना परवानगी मिळाल्यावर झाला. लोक गाडी थेट झाडांखाली, कुरणात किंवा पाण्याच्या कडेला नेत आणि तिथेच तंबू उभारत.

या सवयीने जंगलाचे काय होते, हे वनस्पतिरोगतज्ज्ञ एमिलिओ मायनेके यांनी १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियातील महावृक्षांच्या वनांत तपासले. पाय आणि चाके यांनी माती दबून घट्ट होते, तिच्यातील हवा व पाणी वरवर पसरलेल्या मुळांना मिळत नाही, आधी झुडपे जातात आणि नंतर उभे झाडही खंगते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी लोकांना जंगलात येण्यापासून अडवले नाही; पावले कुठे पडावीत, तेवढे ठरवून दिले. एकेरी वळणाचा रस्ता, प्रत्येक कुटुंबाला एक फाटा, गाडी पुढे जाऊ नये म्हणून मोठे दगड किंवा ओंडके, आणि हलवता न येणारे मेज व चूल, म्हणजे वर्दळ एकाच तुकड्यावर राहील. १९३३ पासून सरकारी रोजगार योजनेतील तरुणांनी अमेरिकाभर अशा छावण्या बांधल्या. इतक्या साध्या निरीक्षणातून इतकी व्यापक व्यवस्था निघाली, ही मला या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

तरीही नदीलगतचे तंबू राहिलेच. १९५४ मध्ये उद्यानाला वर्षभरात भेट देणाऱ्यांची संख्या प्रथमच दहा लाखांपलीकडे गेली आणि काठाची धूप वाढत गेली. १९८७ मध्ये मर्सेडला संघराज्याच्या कायद्याने संरक्षित नदीचा दर्जा मिळाला. त्यानंतर जानेवारी १९९७ मध्ये बर्फावर उबदार पाऊस कोसळून मोठा पूर आला आणि अपर रिव्हर व लोअर रिव्हर या दोन छावण्या उद्ध्वस्त झाल्या. त्या पुन्हा बांधाव्यात अशी अनेक कुटुंबांची मागणी होती, कारण त्यांच्या दोन-तीन पिढ्यांच्या आठवणी तिथल्या होत्या, आणि ती मागणी समजण्याजोगी होती. न्यायालयीन वादांनंतर २०१४ मध्ये मंजूर झालेल्या नदी आराखड्याने मात्र दरीतील तंबूंच्या जागा वाढवतानाच त्या काठापासून मागे सरकवल्या, आणि त्या दोन छावण्यांच्या पूरभूमीचा मोठा भाग नदीला परत द्यायचे ठरवले.