रत्नागिरीत घर बांधायचं तर आधी सातबारा

साळवी स्टॉपवरून कुवारबावकडे निघालं की दोन्ही बाजूंना इमारती लागतात. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी शहराची लोकसंख्या जेमतेम 76 हजार होती. एवढ्याशा शहराने खालचं बंदर, जुन्या वस्तीच्या गल्ल्या म्हणजे आळ्या आणि घरामागच्या बागा म्हणजे परडी सोडून वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट माळावर, का पसरावं, हा प्रश्न पडतोच. त्याचं उत्तर नगररचनेच्या नकाशात अर्धंच सापडतं. उरलेलं सातबाऱ्यावर आहे.

जुनं शहर समुद्र आणि खाडीला धरून वाढलं. 1822 मध्ये इंग्रजांनी दक्षिण कोकणचं मुख्यालय बाणकोटहून इथे हलवलं आणि कचेऱ्यांपाठोपाठ नोकरदारांची, वकिलांची घरं आली. 1876 मध्ये नगरपालिका झाली. घरं जांभ्याच्या चिऱ्याची, कौलारू. मागे विहीर आणि माड-पोफळीची परडी. गवंडी सांगेल ते माप आणि शेजाऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, हीच हद्द. त्या काळात परवानगीचा बाऊ नव्हता, कारण जागेला भाव नव्हता.

भाव आला तेव्हा मालकीचा गुंता आधीपासूनच होता. इथली बरीच गावं खोतीची, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या वतनदार खोतांच्या ताब्यातली. 1948 चा कूळ कायदा, 1949 चा खोती रद्द करणारा कायदा आणि 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन यांनी कसणाऱ्याला जमीन दिली. हे न्याय्यच होतं आणि उशिराच झालं. पण कागद मात्र माणसांच्या मागेच राहिले. घरातले दोघे-तिघे भाऊ मुंबईला गिरणीत, वाटप झालं ते तोंडी, आणि वारस नोंदी कुणी वेळेवर केल्या नाहीत. आजही पाच-सहा गुंठ्यांचा सातबारा काढावा, तर भोगवटादारांच्या रकान्यात वीस-पंचवीस नावं सामाईक असतात. त्यातली काही माणसं कधीच वारलेली, एखादी आत्या सासरच्या आडनावाने नोंदलेली, आणि इतर हक्कांत कुळाचं नाव तसंच उभं. परवानगीच्या फाइलला सगळ्यांच्या सह्या लागतात. एक सही डोंबिवलीत अडते, एक बडोद्यात, आणि परडी पडून राहते.

1966 मध्ये राज्यात दोन कायदे झाले. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने विकास आराखडा आणि बांधकाम परवानगीची आजची चौकट दिली. जमीन महसूल संहितेने बिनशेती, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं ‘एनए’, ही वेगळी पायरी ठेवली. कुळाकडून आलेली जमीन असेल तर कूळ कायद्याच्या कलम 43 ची, म्हणजे जमीन विकण्याआधी सरकारी परवानगी घेण्याची, अटही असायची. छोट्या मालकाने एका घरासाठी इतक्या दारांत उभं राहायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

सड्यावर ही अडचण कमी होती. कातळावर ना भात, ना बाग, म्हणून वाटेकऱ्यांचा जीवही तिथे फारसा अडकलेला नव्हता. मोठे तुकडे मिळाले, भावही परवडला. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. स्टेशन शहराबाहेर, वरच्या अंगाला आलं. मग मुलांच्या शाळेसाठी खेड्यातून आलेली कुटुंबं, बदलीचे कर्मचारी आणि निवृत्तीनंतर परतणारे चाकरमानी अशी सगळ्यांची मागणी त्या दिशेला वळली.

पण सड्यावरचे नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव हे भाग ग्रामपंचायतींचे. नगरपरिषदेच्या हद्दीत रस्त्याची रुंदी, आरक्षणं, चटई क्षेत्र यांचा आराखडा होता. हद्दीबाहेर गावठाणात ग्रामपंचायत आणि गावठाणाबाहेर जिल्हाधिकारी व नगररचना कार्यालय, असा कारभार चालला. प्रत्येक भूखंडाचा नकाशा वेगळा मंजूर होत गेला. त्या सगळ्यांना जोडणारं गटार कुठून जाईल, हे कोणाच्या फाइलमध्ये नव्हतं. रत्नागिरीत वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी सच्छिद्र जांभ्यातून तो निघून जातो. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी आणि एप्रिल-मेमध्ये दारात टँकर, हे या दोन्हीचं फळ.

किनाऱ्यावरची कथा वेगळी. 19 फेब्रुवारी 1991 च्या सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेने भरतीरेषेपासून 500 मीटरचा पट्टा नियमांखाली आणला आणि ग्रामीण भागात पहिल्या 200 मीटरमध्ये नवं बांधकाम बंद केलं. 2011 आणि 2019 मध्ये नियम बदलले. दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ही मर्यादा 50 मीटरवर आणण्याची तरतूद झाली. किनारा वाचायलाच हवा. पण पिढ्यान्‌पिढ्या वाळूला लागून राहणाऱ्या मच्छीमार कुटुंबाला वाढीव खोलीसाठी जो त्रास होतो, तो रिसॉर्टवाल्याच्या मोजमापाने मोजणं अन्यायाचं आहे.

चिपळूणला हेच काम पूररेषेने केलं. 22 जुलै 2021 च्या महापुरानंतर निळ्या आणि लाल रेषेचा, म्हणजे वारंवार येणाऱ्या आणि क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या हद्दींचा, वाद पेटला. नियमाप्रमाणे निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नाही. निळ्या-लाल रेषांमध्ये जोतं पूरपातळीच्या वर घेण्याची अट. जुनी बाजारपेठच रेषेत सापडल्यावर लोकांनी आधी वाशिष्ठी नदीतला गाळ काढा म्हणून आंदोलन केलं, ते रास्तच होतं.

डिसेंबर 2020 मध्ये मुंबई आणि काही क्षेत्रं वगळता राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर वास्तुविशारदाने प्रमाणित केलेले नकाशे आणि शुल्क भरल्याची पावती पुरते. 300 पर्यंत 10 दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. लहान घरासाठी ही खरी सुटका आहे. पण ज्याचा सातबारा सामाईक आहे, त्याची गाडी या पायरीपर्यंत पोचतच नाही. त्याला आधी वाटप, मोजणी आणि फेरफार करावा लागतो.

फ्लॅट घेणाऱ्यासाठी 2017 पासून महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण, आहे. भूखंड 500 चौरस मीटरहून मोठा आणि सदनिकाही 8 हून जास्त असतील तर नोंदणी सक्तीची. सड्यावरच्या अनेक लहान इमारती त्याखाली येत नाहीत. तिथे बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि मे महिन्यात पाणी कुठून येतं, हे घेणाऱ्यानेच विचारून घ्यावं लागतं.